जमावाच्या हातातली यादी

दंगलीच्या बातमीतली क्रियापदं एकदा निवांत बघावीत. दगडफेक 'झाली'. दुकानं 'पेटली'. वातावरण 'चिघळलं'. सायंकाळी जमावाचा संयम 'सुटला' आणि रात्री उशिरा परिस्थिती 'नियंत्रणात आली'. चोरी कुणीतरी केलेली असते, खून कुणीतरी केलेला असतो. दंगल मात्र पावसासारखी आपली आपण होते. वाक्यातला कर्ताच नाहीसा होतो आणि जी नामं उरतात तीही माणसांची नसतात: ठिणगी, भडका, आगडोंब, उद्रेक, लोण. सगळी आगीची, ज्वालामुखीची नाहीतर रोगराईची भाषा. पुढं पोलीस ठाण्यात तिलाच सरकारी कागद मिळतो: 'अज्ञात जमावाविरुद्ध गुन्हा दाखल'.

या भाषेच्या तळाशी एक समजूत आहे. जमावाला डोकं नसतं. एकटा माणूस विचार करतो. तोच माणूस हजारोंच्या गर्दीत शिरला की त्याचा विचार संपतो आणि मग तो काहीही करू शकतो. हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. पण हा एक सिद्धान्त आहे. त्याला लेखक आहे, साल आहे, आणि त्या लेखकाला तो मांडायची कारणंही होती.

गुस्ताव ल बाँ हा फ्रेंच गृहस्थ वैद्यक शिकलेला. १८७१ साली पॅरिसमध्ये कम्यूनचं बंड झालं, म्हणजे शहरातल्या बंडखोरांनी सरकारला झुगारून कारभार हाती घेतला, तेव्हा तो त्या शहरात होता. रस्त्यावर उतरलेले कामगार आणि जळणारे राजवाडे त्यानं पाहिले, आणि त्या दृश्यानं पुढं त्याची पाठ सोडली नाही. १८९५ मध्ये जमावाच्या मानसशास्त्रावरचं त्याचं पुस्तक आलं. त्यातली मांडणी थोडक्यात अशी: गर्दीत माणूस अनामिक होतो म्हणून बेजबाबदार होतो, भावना साथीसारख्या एकाकडून दुसऱ्याकडं जातात, संमोहन झाल्यासारखा तो कुठल्याही सूचनेला बळी पडतो, आणि चांगला सुसंस्कृत माणूस बघता बघता रानटी होतो. जाता जाता त्यानं जमावाची तुलना बायका, मुलं आणि 'रानटी' लोक यांच्याशी करून टाकली. त्या काळातल्या सुखवस्तू युरोपीय पुरुषाला कुणाकुणाची भीती वाटत होती, त्याची ही हजेरीच म्हणायची. पुस्तक भरपूर खपलं. आपण ते अनेकदा वाचल्याचं मुसोलिनीनं स्वतः सांगितलंय. त्याला ते का आवडलं असेल हे उघड आहे. जमाव बिनडोक असेल तर त्याला डोकं पुरवणारा कुणीतरी लागणारच.

ल बाँनं जे लिहिलं त्याहून त्यानं जे बाजूला ठेवलं ते मला जास्त बोलकं वाटतं. कम्यूनचा शेवट मे १८७१ मधल्या एका आठवड्यात झाला. सरकारी सैन्य शहरात शिरलं आणि त्यानं हजारो पॅरिसवासीयांना मारलं, कित्येकांना पकडल्यावर भिंतीशी उभं करून. म्हणजे त्या शहरात सर्वांत जास्त रक्त सांडलं ते गणवेशातल्या, रांगेत चालणाऱ्या, हुकूम पाळणाऱ्या माणसांनी. वेडाचं शास्त्र मात्र लिहिलं गेलं समोरच्या बाजूबद्दल.

विसाव्या शतकात इतिहासकारांनी जुने कागद उपसायला सुरुवात केली तेव्हा या चित्राचे टवके उडायला लागले. जॉर्ज रूदे यांनी १७८० च्या लंडनमधल्या गॉर्डन दंगलींचे खटले आणि नुकसानभरपाईचे अर्ज तपासले. दंगल कॅथलिकांविरुद्धची, पण हल्ले झाले ते मुख्यतः सधन कॅथलिकांच्या घरांवर आणि प्रार्थनास्थळांवर. गरीब आयरिश कॅथलिक ज्या वस्त्यांत दाटीवाटीनं राहत होते तिकडं जमाव फारसा फिरकला नाही. पकडले गेलेले बरेचसे लोक कामधंद्याला लागलेले होते. एडवर्ड टॉम्पसन यांनी अठराव्या शतकातल्या इंग्रजी धान्यदंगलींबद्दल दाखवलं की जमाव कोठारं ताब्यात घ्यायचा, त्याला रास्त वाटणाऱ्या भावानं धान्य विकायचा आणि पुष्कळदा जमलेले पैसे मालकाच्या हवाली करायचा. बिनडोक माणसं हिशेब ठेवत नाहीत.

पण जुन्या कागदांवर किती विसंबायचं, असं कुणी म्हणेल. म्हणून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्ट जरा सविस्तर.

२ एप्रिल १९८० रोजी ब्रिस्टलमधल्या सेंट पॉल्स या भागात पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला. वस्ती गरीब, कृष्णवर्णीय आणि गोरे मिसळून राहणारे, आणि तो कॅफे त्यांच्या उठण्याबसण्याच्या मोजक्या जागांपैकी एक. बाहेर लोक जमले, दगड आले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या. शेवटी पोलिसांनी माघार घेतली आणि पुढचे काही तास त्या भागात पोलीसच नव्हते. ल बाँचं ऐकायचं तर आता खरा नंगा नाच व्हायला हवा होता. स्टीफन रायकर या सामाजिक मानसशास्त्रज्ञानं दंगलीत असलेल्या लोकांशी बोलून काय झालं ते जुळवलं आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. पोलिसांवर दगड मारायला एकानं सुरुवात केली की बाकीचे सामील होत. एका बसची काच कुणीतरी फोडली तेव्हा मात्र बाकीच्यांनी नाकं मुरडली आणि तो प्रकार तिथंच थांबला. बँक जळली, बाहेरच्यांच्या मालकीची दुकानं फुटली. लोकांची राहती घरं शाबूत राहिली. पोलिसांना वस्तीच्या हद्दीबाहेर घालवल्यावर जमावानं पाठलाग सोडला. मधूनच जाणाऱ्या गाड्यांना वाट करून दिली जात होती.

रायकर यांचा निष्कर्ष असा की गर्दीत माणसाचं 'मी'पण विरघळत नाही, ते सरकतं. मी अमुक घरातला, अमुक नोकरीतला हे मागं पडतं आणि मी 'आपल्यातला' हे पुढं येतं. त्या 'आपल्या'ला काय शोभतं आणि काय शोभत नाही, याचे नियम प्रत्येकाच्या मनात असतात. दंगलीत माणूस नियम सोडून वागत नाही, दुसऱ्या नियमांनी वागतो. लोण पसरतं हे खरं, पण ते सगळ्याच गोष्टींचं पसरत नाही. 'आपल्या'ला जे पटतं त्याचंच पसरतं.

प्रयोगशाळेतही हाच सूर निघाला. चेहरा झाकला की माणूस क्रूर होतो, हे १९६९ च्या फिलिप झिंबार्डोंच्या प्रयोगापासून पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून होतं. १९७९ मध्ये जॉन्सन आणि डाउनिंग यांनी एक साधा बदल केला. काही सहभागींना कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेच्या आठवणी जागवणारे झगे दिले, काहींना परिचारिकेचे पोशाख. परिचारिकांच्या पोशाखातल्या ज्यांची ओळख झाकली होती, ते प्रयोगात इतरांना विजेचे झटके द्यायला उलट जास्त कचरले. बुरखा वाईट करत नाही. तो ज्याचा आहे त्याच्यासारखं करतो. १९९८ मध्ये पोस्टमेस आणि स्पिअर्स यांनी असे साठ अभ्यास एकत्र तपासले आणि गर्दी व अनामिकता यांनी माणूस मुळातूनच बेबंद होतो या कल्पनेला त्यांना फारसा आधार सापडला नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा दंगलीच्या कौतुकाचा लेख आहे. ब्रिस्टलच्या अभ्यासानं भारावलेले काही जण त्या वाटेनं गेलेही. जमाव म्हणजे शोषितांचा शहाणा आवाज, दगड म्हणजे निवेदन. मला ही वाट मान्य नाही. डोकं असणं म्हणजे सद्बुद्धी असणं नव्हे. हेच निष्कर्ष घेऊन दुसऱ्या शहरांत गेलं की अंगावर काटा येतो.

जुलै १९८३, कोलंबो. उत्तरेत जाफनाजवळ तेरा सैनिक मारले गेल्यावर राजधानीत तमिळांवर हल्ले सुरू झाले आणि जमावांच्या हातात मतदारयाद्या होत्या. नोव्हेंबर १९८४, दिल्ली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर शिखांवर झालेल्या हल्ल्यांत सरकारी आकड्यानुसारच एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मारली गेली; हल्लेखोर मतदारयाद्या आणि रेशनच्या याद्या घेऊन घरं हुडकत होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं. पुढं नानावटी आयोगानं नोंदवलं की वजनदार आणि साधनसंपन्न लोकांचा पाठिंबा नसता तर इतक्या झपाट्यानं इतकी माणसं मारली जाणं शक्य नव्हतं.

यादी. यादीवरून बोट फिरवत घर क्रमांक शोधणाऱ्या माणसाचा 'संयम सुटला' असं आपण कुठल्या तोंडानं म्हणतो? यादी आधी मिळवावी लागते. ती ज्या कार्यालयात असते तिथून कुणीतरी ती बाहेर द्यावी लागते. ती वाचता यावी लागते, नावावरून जात-धर्म-भाषा ओळखता यावी लागते. रागाच्या भरात माणूस समोर दिसेल त्याला मारतो. पत्ता विचारत जात नाही. सेंट पॉल्समधल्या जमावाच्या मनात जी मर्यादा होती तीच ही मर्यादा, फक्त कागदावर उतरलेली आणि उलट्या कामाला जुंपलेली. तिथं ती कुणाला सोडायचं हे सांगत होती, इथं कुणाला सोडायचं नाही हे.

डोनाल्ड हॉरोविट्झ यांनी सुमारे पन्नास देशांतल्या दीडशे वांशिक दंगलींचा अभ्यास केला. त्यांच्या चित्रातला दंगलखोर अजिबात बेभान नाही. तो जपून असतो. ठिणगी आणि हल्ला यांच्यात बऱ्याचदा काही काळ शांतता असते आणि तेवढ्यात हत्यारं जमतात. हल्ला होतो तो दुबळ्या जागी, जिथं मार बसणार नाही तिथं. मेलेल्यांत हल्लेखोर क्वचितच सापडतात. आणि चुकून आपलाच माणूस मारला जाऊ नये म्हणून ओळख पटवण्यात हे जमाव विलक्षण काळजी घेतात. उच्चार तपासतात, कपडे उतरवतात, कागदपत्रं मागतात. संशय असेल तर सोडून देतात. 'तणावपूर्ण शांतता' हा आपल्या बातम्यांतला लाडका शब्दप्रयोग आहे. त्या शांततेत कोण काय गोळा करतंय, हा प्रश्न बातमीत सहसा नसतो.

एक गंमत अशी की कायद्यानं हे ल बाँच्या आधीच ओळखलं होतं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव आणि त्याचं 'समान उद्दिष्ट' ही कल्पना आहे, नव्या न्याय संहितेतही ती आली आहे. जमावाला उद्दिष्ट असतं हे कायद्याला मान्य. बचावाचे वकील, नेते आणि बातमीदार मात्र भावनेचा भर सांगत राहतात. दुसरीकडं हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की जुन्या सिद्धान्तानं काही जीवही वाचवलेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत जमावानं केलेल्या हत्यांच्या काही खटल्यांत मानसशास्त्रज्ञांनी साक्ष दिली की गर्दीत माणसाचं भान हरपतं, आणि न्यायालयांनी ते शिक्षा सौम्य करण्याचं कारण म्हणून स्वीकारलं. वर्णद्वेषी राजवटीत काही कृष्णवर्णीय तरुण फाशीपासून वाचले. मला त्याचा आनंदच आहे. पण विज्ञान म्हणून ती साक्ष कच्ची होती, आणि तोच युक्तिवाद यादीवाल्यांनी वापरला तर आपल्याकडं उत्तर तयार असावं.

आता मधल्या माणसांकडं येऊ, कारण दंगलीत बहुसंख्य तेच असतात. क्लार्क मॅकफेल यांनी कितीतरी जमाव प्रत्यक्ष उभं राहून पाहिले, नोंदी केल्या. त्यांना आढळलं की लोक गर्दीत एकेकटे येत नाहीत, दोघातिघांच्या टोळक्यानं येतात, बहुतेक वेळ नुसते उभे असतात, बोलतात, बघतात. सगळे एकच गोष्ट करताहेत असा क्षण दुर्मीळ. रँडल कॉलिन्स यांनी हिंसेची छायाचित्रं आणि चित्रणं तपासून तेच म्हटलं: पुढं मूठभर, मागं बघ्यांची भिंत. प्रत्यक्ष मारामारी माणसाला जड जाते, अंग थरथरतं, हात चुकतो. ती सोपी होते ती मागं माणसं उभी असल्यामुळं.

हा बघ्या स्वतःला निर्दोष समजतो. 'मी फक्त बघत होतो.' १९६९ मध्ये स्टॅन्ली मिलग्रम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर माणसं उभी करून त्यांना एका इमारतीच्या सहाव्या मजल्याकडं बघायला लावलं. एकजण बघत असताना येणाऱ्यांपैकी ४ टक्के थांबले. पंधराजण बघत असताना ४० टक्के. नुसतं बघणंही संख्या वाढवतं, आणि दंगलीत संख्या हेच भांडवल असतं. दगड उचललेला माणूस मागं वळून बघतो तेव्हा त्याला मागच्यांच्या मनातली नापसंती दिसत नाही, माणसं दिसतात. मागच्या प्रत्येकाला वाटत असतं की हे चुकीचं चाललंय पण बाकीच्या सगळ्यांना पटतंय. अशी शंभर एकटी नापसंती मिळून एक मोठी संमती तयार होते. आता त्यात मोबाइल आलाय. चित्रण करणारा स्वतःला साक्षीदार मानतो आणि दगडवाल्याला तो प्रेक्षक वाटतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये यावर एक साधं गणित मांडलं, ते मला फार आवडतं. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो: आधी किती जण सामील झाले तर मी सामील होईन? समजा चौकात शंभरजण आहेत आणि त्यांचे उंबरठे शून्य, एक, दोन, तीन असे नव्व्याण्णवपर्यंत आहेत. शून्यवाला पहिला दगड मारतो. एकवाला त्याला बघून मारतो, मग दोनवाला, आणि बघता बघता शंभरच्या शंभर दंगलीत. आता फक्त एक बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. शून्यवाला दगड मारतो, आणि पुढं काहीच होत नाही. नव्व्याण्णव माणसं तीच, तितकीच चिडलेली. पण एका चौकाची बातमी 'शहर पेटलं' आणि दुसऱ्याची 'माथेफिरूनं दगड मारला'. पहिल्या शहराच्या स्वभावावर अग्रलेख पडतील, तिथले लोक जात्याच कसे भडक यावर चर्चा झडतील. फरक दोन्ही चौकांत एका माणसाच्या काकणभर कचरण्याचा होता.

अर्थात खऱ्या आयुष्यात उंबरठे जन्मजात नसतात. ते खाली आणता येतात, आणि त्याचं सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे अफवा. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ मध्ये सूत्र दिलं होतं की अफवेचा जोर हा विषयाचं महत्त्व गुणिले माहितीची संदिग्धता इतका असतो. यातला एक घटक शून्य झाला की अफवा मरते. सूत्र ठीकच आहे, पण दंगलीतल्या अफवेचं खरं काम माहिती देणं नसतंच. २० जून १९४३ च्या रात्री अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये काय झालं बघा. बेल आयलंड या बेटावरच्या उद्यानात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय तरुणांत मारामाऱ्या झाल्या. कृष्णवर्णीय वस्तीत बातमी पोचली की गोऱ्यांनी एका कृष्णवर्णीय बाईला आणि तिच्या तान्ह्या बाळाला पुलावरून खाली फेकलं. गोऱ्यांच्या वस्तीत बातमी पोचली की कृष्णवर्णीयांनी एका गोऱ्या बाईवर बलात्कार करून तिला मारलं. दोन्ही खोट्या. ३४ माणसं मेली, त्यांतले २५ कृष्णवर्णीय. एकाच साच्यातून काढलेल्या दोन अफवा, दोन बाजूंना. बाई, बाळ, विष घातलेलं पाणी, हत्यारं घेऊन येणारे लोक: सगळीकडच्या दंगलींत हाच माल फिरतो. कारण ही अफवा ऐकणाऱ्याला सांगते की तू हल्ला करत नाहीयेस, तू संरक्षण करतोयस. ती परवानगीचं पत्र असते. म्हणून ती खोटी आहे हे सांगून फारसा उपयोग होत नाही. ज्याला परवानगी हवी आहे तो पुरावा तपासत नाही.

परवानगीचं दुसरं पत्र पोलीस देतात, आणि तेही दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा सर्वांना ठाऊक आहे: पोलीस उभे राहतात आणि काही करत नाहीत. दिल्लीत, कोलंबोत, इतर कितीतरी ठिकाणी हे नोंदलं गेलंय. हल्लेखोर खाकीकडं बघून अंदाज घेतो. पहिल्या तासाभरात कुणी हटकलं नाही, तर त्याला जे कळायचं ते कळतं.

दुसऱ्या तऱ्हेबद्दल कमी बोललं जातं. जमाव म्हणजे वेड असं मानणारा अधिकारी सगळ्यांना एकाच मापानं मोजतो. ३१ मार्च १९९० ला लंडनमध्ये नव्या करविरोधात प्रचंड मोर्चा निघाला, बहुतेक लोक शांतपणे आलेले. ट्राफल्गार चौकाच्या परिसरात पोलिसांनी घोडे घातले, गाड्या घातल्या. जॉन ड्रूरी आणि क्लिफर्ड स्टॉट यांनी नंतर सहभागींशी बोलून दाखवलं की ज्यांना दगडवाल्यांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनाही त्या क्षणी 'आपण सगळे एक आणि समोर ते' असं वाटू लागलं. पोलिसांनी आपल्या भीतीतला जमाव स्वतःच घडवला. पुढं स्टॉट यांच्या सल्ल्यानं २००४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत पोर्तुगालच्या शहरी पोलिसांनी उलटं केलं: साध्या वेशात किंवा साध्या गणवेशात दोघं-दोघं गर्दीत मिसळले, प्रेक्षकांशी बोलले, आगळीक करणाऱ्यालाच उचललं आणि बाकीच्यांना हात लावला नाही. बदनाम इंग्लिश प्रेक्षक त्या शहरांत बऱ्यापैकी सरळ राहिले आणि टारगटांना स्वतःच आवरू लागले. पोर्तुगालच्याच दक्षिणेकडच्या अल्गार्व भागात वेगळं पोलीस दल होतं, पद्धत जुनी होती. तिथं अल्बुफेइरा गावात दंगली झाल्याच.

भिवंडीचं उदाहरण याच जातीचं आहे. १९७० आणि १९८४ मध्ये या यंत्रमागांच्या शहरानं भीषण दंगली पाहिल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांना नियमित एकत्र बसवलं, हवालदाराला लोक नावानिशी ओळखतील असं बघितलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तिथं श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबानं ९०० माणसं मेली. भिवंडी शांत राहिली. माणसं तीच होती, आठ वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांचे गळे धरले होते ती किंवा त्यांची मुलं. दर आठवड्याला चहाला भेटणारा माणूस यादीतलं नाव होत नाही, निदान लवकर होत नाही. यावर कुणी म्हणेल की समित्या म्हणजे नाटक, फोटोपुरत्या बैठका. पुष्कळ ठिकाणी तसंच झालंय. दंगलीनंतर स्थापलेली समिती बहुधा नाटकच असते.

२०११ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या दंगलींच्या वेळी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी ही निव्वळ गुन्हेगारी असल्याचं सांगितलं. लंडनमधल्या टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीनं एक तरुण मेला होता आणि त्याच्या घरच्यांना उत्तर मिळत नव्हतं, तिथून ते सुरू झालं. नंतर २७० दंगलखोरांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आणि त्यांत पोलिसांच्या रोजच्या झडत्यांबद्दलचा राग वारंवार निघाला, तसंच 'सगळे नेत होते म्हणून मीही बूट उचलले' हेही निघालं. १९६७ च्या अमेरिकी दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगानंही दाखवलं होतं की सरासरी दंगलखोर हा उपटसुंभ समाजकंटक नव्हता. तो त्याच शहरात वाढलेला आणि घरी बसलेल्या शेजाऱ्यापेक्षा किंचित जास्त शिकलेला होता. त्या अहवालातला आणखी एक भाग कमी आठवला जातो. डेट्रॉइटच्या दंगलग्रस्त भागात सुमारे ११ टक्के लोकांनी दंगलीत भाग घेतल्याचं सांगितलं, आणि सुमारे १६ टक्क्यांनी ती थांबवायला रस्त्यावर उतरल्याचं. थांबवणारे जास्त होते. त्यांच्यासाठी आपल्या बातमीच्या भाषेत शब्दही नाही. 'अज्ञात जमावा'त तेही धरले जातात.

१० ऑगस्ट २०११ च्या पहाटे बर्मिंगहॅममध्ये आपल्या वस्तीतली दुकानं राखायला उभ्या असलेल्या तीन तरुणांना गाडीनं उडवलं. तिघंही दक्षिण आशियाई वंशाचे मुस्लिम होते, आणि गाडीतले लोक कृष्णवर्णीय असल्याचं बोललं जात होतं. दिवसभर रस्त्यावर संतापलेली पोरं जमत होती. पुढचा हिशेब कुठं जाणार हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नव्हता. मेलेल्यांपैकी एकाचा बाप त्यांच्यासमोर उभा राहिला. मुलगा जाऊन काही तास झाले होते. ज्याला आपली मुलं गमवायची असतील त्यानं पुढं यावं, नसेल तर शांत व्हावं आणि घरी जावं, असं तो म्हणाला. हे एखाद्या मंत्र्यानं किंवा पोलीस अधिकाऱ्यानं म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. तो त्यांच्यातला होता, आणि सूड घ्यायचा हक्क कुणाला असेलच तर तो आधी त्याचा होता. त्यानंच तो नाकारला, तेव्हा बाकीच्यांना तो हातात घेणं अवघड झालं. त्या रात्री बर्मिंगहॅममध्ये सूडाची दंगल झाली नाही.